वकिलाला आवतण

२ जुलै, बुधवार

आज वकील अंगणात पडला. चालता चालता मागचे दोन्ही पाय फाकले आणि तो खाली बसला. मग तोंड असे केले की जणू त्याला तिथेच बसायचे होते. निवडणुकीत पडलेले पुढारीही दुसऱ्या दिवशी असेच तोंड करतात.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या तुळसाबाई विरजण मागायला आल्या होत्या. या बाईंना दोन गोष्टी येतात, मागणे आणि सांगणे. मागून झाले, मग सांगितले, "बाई, हे कुत्रं आता गेलं कामातून. कायले हाल करता त्याचे?" ज्यांच्या नवऱ्याला पलंगावरून उठवायला दोन माणसे लागतात, त्यांनी दुसऱ्याच्या अंगणात कामातून गेलेले शोधू नयेत. असे मी बोलले नाही. विरजण मात्र अर्धीच वाटी दिले.

वकील हा आमचा कुत्रा. अंगाने काळा कुळकुळीत आणि गळ्याखाली पांढरा पट्टा, म्हणून हे नाव. आमचा मुलगा नयन अकरावीला पुसदला होता, तेव्हा त्याने कुठल्याशा मित्राकडून दप्तरात घालून आणला. दीड वर्षाने चिरंजीव इंजिनियर व्हायला पुण्याला गेले. तुटकी बॅट आणि कुत्रा आमच्या गळ्यात टाकून गेले. बॅट मी चुलीत घातली. कुत्र्याला यांनी ठेवून घेतले. 'यांनी' म्हणजे माझे यजमान सदाशिवराव, फुलसावंगीतले एकमेव शेतकरी असतील जे तीन वर्षांपूर्वी बैल विकताना बैलांच्या गळ्यात पडून रडले आणि गिऱ्हाईकाला चहा पाजायचे विसरले. तो कुत्रा यांचा आहे. मी कुत्री-मांजरे पाळणारी बाई नव्हे. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली, रोजचे टाचण काढल्याशिवाय झोपले नाही, ती सवय जात नाही म्हणून ही डायरी. एरवी कुत्रा पडला हे काही लिहून ठेवण्यासारखे नाही.


९ जुलै, बुधवार

यांनी पुसदहून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावले. अर्पिता तिचे नाव. स्कूटीवर आली, पायात पांढरेशुभ्र बूट. आषाढात, फुलसावंगीच्या चिखलात पांढरे बूट! शिक्षण कितीही असो, अक्कल पायापासून दिसते.

तिने वकिलाचे पाय वाकवून पाहिले, पोट दाबले, डोळ्यात बॅटरी मारली. मग म्हणाली, "काकू, सांधे झिजले आहेत. किडन्याही थकल्या. वय झालंय त्याचं. दुखणं कमी व्हायचं औषध देते."

मी सरळ विचारले, किती दिवस? तर म्हणते, "तो तुम्हालाच सांगेल, काकू. वेळ आली की कळतं."

घ्या! पाच वर्षे कॉलेजात काढून हे शिकली. कुत्रा सांगणार! या घरात माणसे धड काही सांगत नाहीत. यांच्या छातीत मागल्या साली कळ आली तेही मला हरिसिंगाकडून कळले, तो आमचे शेत बटईने करतो. आणि हा मुका जीव माझ्यापुढे येऊन सांगणार की बाई, आता पुरे.

"चांगले दिवस जास्त की वाईट दिवस जास्त, ते बघत जा," ती म्हणाली. "त्याला आवडतं काय?"

हे म्हणाले, "वावरात जाणं."

मी म्हणाले, "काही नाही."

खरे तर त्याला उंबऱ्यावर आमच्याकडे पाठ करून रस्ता पाहत बसायला आवडते. पुरणपोळी आवडते, तीही तूप लावलेलीच. आणि मी नोकरीत होते तोवर रोज माझ्यामागे शाळेत येणे आवडायचे. तिसरीच्या वर्गाच्या दारात बसायचा. मुले हसायची, मी ओरडायचे, तो जांभई द्यायचा. त्या वर्गात त्याच्याइतकी हजेरी एकाही पोराची नव्हती. पण हे पांढऱ्या बुटांना सांगायचे काय कारण?


१५ जुलै, मंगळवार

पुढच्या खोलीत फरशीवर पोती अंथरली. त्याचे पाय फरशीवर सटकतात आणि नखांचे ओरखडे पडतात. फरशी चांगली आहे, खराब करून घ्यायची नाही.

माझा पलंगही पुढच्या खोलीत आणला. आत फार उकडते.


२० जुलै, रविवार

नयनचा व्हिडिओ कॉल. कुत्र्याकडे फोन धरायला लावला. "वक्क्या! ए वक्क्या! मी आलो बघ!" आलास कुठे? पुण्यात बसून आलो म्हणे. वकिलाने फोनकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. आता हे काय, असा त्याचा चेहरा. मला हसू आले, पण नयनसमोर हसले नाही.

मग नयनने उपदेश केला. तिकडे म्हणे म्हाताऱ्या कुत्र्यांना चाकाची गाडी मिळते, मागचे पाय त्यात अडकवायचे. आमच्या गल्लीत माणसाची सायकल चालत नाही आणि हा कुत्र्याला रथ देणार. दुरून डोंगर साजरे, दुसरे काय. शेवटी डोळे भरून म्हणाला, "आई, मी पोळ्याला येतोय. मी येईपर्यंत काही करू नका. प्रॉमिस कर."

केले. आता माझ्या हातात काही उरले नाही. पोरगा येईपर्यंत थांबायलाच हवे. डॉक्टरीणबाईने औषधाचा डोस वाढवायला सांगितला, तो वाढवला. रात्री वकील दोन-तीनदा उठतो, उठता आले नाही की नुसता पाय घासतो. मी बाहेर नेऊन आणते. हे घोरत असतात. कुत्रा यांचा, झोपमोड माझी.


२ ऑगस्ट, शनिवार

वकील आज सकाळी चक्क स्वतः उठला आणि फाटकाशी जाऊन उभा राहिला. हरिसिंग बैलगाडी घेऊन शेतात निघाला होता. हे म्हणाले, "त्याले यायचं हाये." झाले, नवरदेवाला घोड्यावर चढवावे तसे दोघांनी त्याला उचलून गाडीत ठेवले. खाली गोणपाट, वर छत्री. सगळी गल्ली बघत होती. मला दार लावून घ्यावेसे वाटले.

दुपारी परत आले. हे आंघोळ न करताच माझ्यापाशी येऊन बसले आणि शेतात दिसलेल्या रोह्याचे, म्हणजे नीलगाईच्या नराचे, सांगू लागले.

"तुरीत रोही उभा होता. हा मोठा. वकिलानं त्याच्याकडं पाह्यलं, रोह्यानं वकिलाकडं पाह्यलं. भुंकला नाई. रोही पण हालला नाई. दोघं पाह्यत राह्यले एकमेकाले." आणि हसले. "म्हातारे झाले दोघं बी!"

मग तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. एवढे तोंड धुवायला काय लागते यांना?

आजचा दिवस डॉक्टरीणबाईच्या हिशेबात चांगला धरावा. संध्याकाळी भात-ताकही खाल्ले.


८ ऑगस्ट, शुक्रवार

वकील मला चावला.

आंघोळ घालायला मागून उचलत होते. त्याच्या अंगाखाली ओले होते, कातडी सोलवटली आहे, तिथे माझा हात लागला असावा. एकदम वळला आणि मनगटाच्या खाली दात. लगेच सोडले. मग माझ्या हाताकडे पाहून कान पाडले आणि पोत्याच्या कोपऱ्यात तोंड घालून बसला. मी त्याला म्हटले, नाटके करू नकोस. तो काही वर बघेना.

यांना सांगितले, विळीवर हात गेला. यांना काही कळत नाही, लगेच पटले. हळद दाबून चिंधी बांधून दिली, गाठ अशी बांधली की संध्याकाळी कात्रीने कापावी लागली.

तुळसाबाईंनाही विळीच सांगितली. कळले असते तर अर्ध्या तासात साऱ्या गावात झाले असते, बाईंचे कुत्रे पिसाळले म्हणून. मग चार रिकामटेकडे काठ्या घेऊन आले असते. गावाला भिकाऱ्यासाठी भाकर नसते, कुत्र्यासाठी काठी मात्र हाताशी असते.

इथे तरी खरे लिहिते. मला हात दुखला त्याचे काही नाही. चौदा वर्षांत हा कुत्रा एका माणसाला चावला नव्हता. मला फार वाईट वाटले.


१२ ऑगस्ट, मंगळवार

नयनचा फोन. पोळ्याला जमत नाही. कंपनीत काहीतरी निघाले आहे. त्याचे नेहमीच काहीतरी निघते, निघत नाही तो फक्त हाच.

"आई, मी विचार केला. तुम्ही माझ्यासाठी थांबू नका. त्याला त्रास होत असेल तर करून टाका."

करून टाका! जशी गॅसची नोंदणी करून टाकायची. आधी रडून प्रॉमिस घेतले आणि आता दोन शब्दांत मोकळा. मी त्याला चांगले सुनावले. तो बिचारा म्हणतो, "पण आई, मी तर तुमचीच सोय बघतोय." कोणाची सोय? माझी कसली सोय? मी कधी म्हणाले मला त्रास होतो?

यांना सांगितले, नयन येत नाही, थांबू नका म्हणाला. हे बिडी विझवून माझ्याकडे पाहत राहिले. "मंग?"

"मग काय? तुमचा कुत्रा आहे. तुम्ही ठरवा."

"मी काय ठरवू, नयनची माय," म्हणाले आणि बैल नसलेल्या गोठ्यात जाऊन बसले. नवरा म्हणून या माणसाने आयुष्यात एक गोष्ट ठरवली असेल तर शपथ. लग्नसुद्धा यांच्या मामांनी ठरवले.


१६ ऑगस्ट, शनिवार

तीन दिवस काही लिहिले नाही. लिहिण्यासारखे काही चांगले नव्हते.

आज डॉक्टरीणबाई आली. या वेळी गमबूट. सुधारते आहे. वकिलाच्या मांडीवरच्या जखमा तिने धुतल्या. मी डोके धरून होते. मी धरले की तो गप्प असतो. मधेच तिची नजर माझ्या हातावर गेली आणि तिने कापूस खाली ठेवला.

"काकू, हे काय आहे?"

"विळी लागली."

"विळीला वरून दोन आणि खालून दोन दात नसतात. कधी चावला?"

हे दारात उभे होते. यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच कोणाला चावून आले. डॉक्टरीणबाई चिडली. त्याला लस दिलेली आहे तरी तुम्ही आजच दवाखान्यात जाऊन सुई घ्या, लपवलंत काहून, वगैरे. चिडली की ती आपल्यासारखी बोलते. मी ऐकून घेतले. एवढ्याशा पोरीचे मी कधी ऐकून घेतले नसते, पण वकिलाचे डोके मांडीवर होते, उठता येईना.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, तुम्हाला चावला त्यात त्याचा काही राग नव्हता. आता त्याला इतकं दुखतं की कोणाचा हात आहे, हे त्या वेळी त्याला कळलं नाही. औषधानं आता जास्त काही होणार नाही. तुम्ही दिवस सांगा. घरीच करू. इथंच, पोत्यावर. झोप येईल आणि मग काहीच कळणार नाही."

हे भिंतीकडे पाहत होते. मीच दिवस सांगितला, शुक्रवार, २२ तारीख, सकाळी. पोळ्याचा दिवस. सारा गाव सकाळपासून बैल धुण्यात आणि रंगवण्यात असतो, कोणी आपल्या दारात डोकावायला येणार नाही. आमच्याकडे बैल नाहीत, आम्हाला तो दिवस मोकळाच. तुळसाबाईंना तर त्या दिवशी पोळ्या मागत फिरायचे असते. मला त्यांचे 'सुटला बिचारा' ऐकायचे नाही.

ती म्हणाली ठीक. हे म्हणाले, "पोळ्याले?" मी म्हणाले, "मग दिवाळीला?"

सहा दिवस आहेत म्हणून मी तो दिवस घेतला असे कोणी म्हणू नये. त्याआधी तिला वेळही नसेल.


२१ ऑगस्ट, गुरुवार

या माणसाचे काय करावे, मला समजत नाही.

आज खांदशेकणी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. बैल विकले तेव्हापासून आमच्याकडे ते बंद आहे. हे त्या दिवशी मुद्दाम लवकर जेवून झोपतात.

मी मागे भांडी घासत होते. पुढच्या खोलीतून तुपाचा वास आला. जाऊन पाहते तो हे पोत्यावर मांडी घालून बसलेले, वाटीत तूप-हळद, हातात पळसाचे पान. वकिलाचे पुढचे खांदे चोळत होते. तो डोळे मिटून पडला होता. मागे हात लागला की कण्हतो, पण पुढचे खांदे त्याला बरे वाटत असावेत. आणि हे त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

माझ्या हातातले पातेलेच पडले.

"हे काय केलंत तुम्ही?"

"चोळून देल्लं थोडं."

"आवतण दिलंत! उद्या सकाळी डॉक्टरीण यायची आहे, ठाऊक आहे ना? आज जेवायला या म्हणायचं आणि उद्या जेवायच्या आधी..." मी पडलेले पातेले उचलले. "शत्रूलाही कोणी असं करत नाही!"

"तोंडातून निंघून गेलं," हे म्हणाले.

तोंडातून निघून गेले! ज्या तोंडातून आठवडाभर 'हो' नाही की 'नाही' नाही, त्यातून नेमके हेच निघाले. मी या रीतीभाती मानत नाही. पोरांना अंधश्रद्धेवर भाषणे पाठ करून दिली आहेत मी. पण आवतण ही अंधश्रद्धा नव्हे, तो शब्द आहे. बोलावलेल्याला जेवू न घालता वाटेला लावणारे घर माझे नाही.

डॉक्टरीणबाईला फोन केला. म्हटले, उद्या सकाळी येऊ नकोस. तिने कारण विचारले. काय सांगणार? म्हटले, त्याचे जेवण आहे. ती म्हणाली, "बरं काकू. झालं की सांगा." हसली असती तर मी तिला परत दारात उभे केले नसते.

डाळ भिजत घातली आहे.


२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

सकाळी पुरण शिजवले. या दोन हातांनी हजारेक पोळ्या केल्या असतील, आजच्याइतक्या पातळ कधी जमल्या नाहीत. बैलांना सुपात वाढतात, म्हणून सूप काढले, धुतले, पुसले. एकदा आवतण दिले तर नीट द्यावे. तूप सोडले. हे म्हणाले, "मस्त वास सुटला." मी म्हणाले, "तुमच्यासाठी नाही."

आमच्या घरची रीत अशी की पोळ्याला आधी बैल जेवतात, मग घर. बैल जेवेपर्यंत कोणी तोंडात घास घालत नाही.

वकिलासमोर सूप ठेवले. त्याने वास घेतला. नाक हलले. मग मान खाली ठेवली.

मी म्हटले, गरम असेल. थांबलो. दुपारी पोळी दुधात कुस्करून दिली. मग नुसते पुरण बोटावर घेऊन दिले. मग तूप ओठांना लावले. हे दोन वाजता म्हणाले, "चहा चालते काय?" म्हटले, चहा चालतो. यांना साखरेचा आजार आहे, उपाशी राहिले की हात कापतात. कप बशीवर वाजत होता. तरी मी जेवायला वाढले नाही आणि यांनीही मागितले नाही. दोन म्हातारे, भरलेला स्वयंपाक आणि मधे एक कुत्रा. बाहेरून कोणी पाहिले असते तर म्हणाले असते, बाई निवृत्त झाली ती डोक्यानेही झाली.

दिवस कलला तेव्हा पोळा फुटला, तोरणाखाली जमलेले बैल सुटले. ढोल इथपर्यंत ऐकू आले. दर वर्षी तोरणाचा गलका झाला की वकील भुंकत फाटकाशी धावायचा. आज कानही हलला नाही.

हरिसिंग त्याची जोडी घेऊन दारात आला. शिंगांना बेगड, पाठीवर झूल. मी बैलांचे पाय धुतले, कुंकू लावले, पोळी चारली. बैलांनी एका घासात संपवली. हे आशेने म्हणाले, "चाल, बैल जेवले. आता आपल्याले जेवाले काय हरकत?"

"ते हरिसिंगाचे बैल आहेत," मी म्हणाले. "आपला पाहुणा आत आहे."

हरिसिंगाने आत डोकावून पाहिले. पोत्यावर वकील, पुढ्यात भरलेले सूप. "बाई, सकाळपासून हाये काय हे असंच?" त्याने विचारले. त्याने टोपी काढली, परत घातली, आणि बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, न मागताच बैल वळवले. पोळ्याला बोजारा न मागणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला.

मग मी दार लावले आणि वकिलापाशी खाली बसले. पोळीचा एक तुकडा तोडला, तूप लावले आणि माझ्या वर्गातल्या आवाजात म्हणाले, "वकील, खा."

त्याने डोळे उघडले. मान उचलली. ती कशी उचलली ते मी पाहिले, सगळे अंग थरथरत होते. त्याने तुकडा तोंडात घेतला. चावला नाही, गिळला नाही. माझ्याकडे बघत नुसता तोंडात धरून राहिला. मी म्हणाले म्हणून. मग तुकडा जिभेवरून खाली पडला आणि त्याने पुन्हा तो उचलायला तोंड वळवले.

"नको," मी म्हणाले. "राहू दे, बाळा. नको."

त्याला मी बाळा कधी म्हटले नव्हते. नयनलाही फारसे म्हटले नाही.

त्याला भूक नव्हती, चव नव्हती, उठायची ताकद नव्हती, आणि तरी मी सांगितले म्हणून तो सकाळपासून नाक हलवत होता. आणि मी त्याच्यापुढे एकामागून एक पोळ्या वाढत होते. एवढी वर्षे पोरांना शिकवले, आणि पुढ्यात बसलेल्याला आता जमत नाही, हे मला दिवसभर दिसले नाही. दुसऱ्या कोणी असे केले असते तर मी त्याला गाढव म्हटले असते.

मी सूप माझ्याकडे ओढले. त्यातली वरची पोळी उचलली आणि पहिला घास मी खाल्ला. पाहुण्याच्या आधी, त्याच्यासमोर. गार झाली होती. तरी अख्खी खाल्ली. मग दुसरी पोळी यांच्यापुढे केली.

"जेवा. तो नाही जेवणार आता."

यांनी पोळी हातात घेतली. "मी मुद्दाम देल्लं आवतन," हे म्हणाले. "तोंडातून निंघून गेलं नाई. तुले आणखी एक दिवस पाह्यजे होता, नयनची माय. तू काई बोलून नाई राह्यलती."

मला! दिवस मला पाहिजे होता म्हणे! उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. काही कळत नाही यांना. मी म्हणाले, मुकाट्याने जेवा. जेवले. मधेच डोळे पुसत होते आणि मधेच पोळी छान झाली म्हणत होते.

डॉक्टरीणबाईला फोन केला, जेवण झाले म्हणून. ती म्हणाली, सकाळी पहिली तुमच्याकडेच येते.


२३ ऑगस्ट, शनिवार

आली. उजाडता उजाडता आली, पुसदहून, पावसात.

वकील पुढच्या खोलीत पोत्यावर होता. मी भिंतीला टेकून बसले आणि त्याचे डोके मांडीवर घेतले. हे पायाशी बसले. त्याच्या खांद्याला हळद अजून पिवळी होती. डॉक्टरीणबाईने पुढच्या पायाचे केस थोडे कापले, पहिली सुई झोपेची दिली. त्याचे अंग सैल पडले. किती आठवड्यांनी तो असा सैल पडला होता, कुठे काही दुखत नसल्यासारखा. त्याचा एक कान माझ्या तळहातावर होता, ऊन ऊन. मला वाटले, असाच राहू दे. आता दुखत नाही ना, मग असाच राहू दे.

तिने दुसरी सुई भरली आणि थांबली. "करू?" तिने विचारले.

तिने यांच्याकडे पाहिले. यांनी माझ्याकडे पाहिले. बाहेर कोणाचातरी बैल हंबरला. या घरात कधी कोणी काही ठरवत नाही, आणि ती पोरगी सुई धरून दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. नयन पुण्यात. तुळसाबाई भिंतीपलीकडे. सगळे जग दोन महिने सांगत होते आणि आता एकही तोंड उघडत नव्हते.

मी म्हणाले, "कर."

तिने केले. त्याने एक मोठा श्वास सोडला आणि पुढचा घेतला नाही. बाकी काहीच झाले नाही.

शेताच्या धुऱ्यावर बाभळीखाली हरिसिंगाने खड्डा खणून ठेवला होता. यांनी वकिलाला आपल्या धोतरात गुंडाळून नेले. मी नयनला फोन केला, तो रडू लागला, मी म्हटले, रडायचे असेल तर घरी येऊन रड. मग फोन ठेवला आणि मीच रडले. हे पाहत होते, तरी रडले. माझा होता तो. शाळेत माझ्यामागे येत होता, यांच्यामागे नाही.

दिवसभर काही केले नाही. माझाच तो एक शब्द, 'कर', सारखा ऐकू येतो आहे. उलटून पालटून तपासला, लाल पेनने तपासावा तसा. फार उशिरा म्हटला, पण बरोबर होता.